पेन्शनरांचं गाव

"दापोलीच का?" हा प्रश्न गेल्या सहा महिन्यांत मला इतक्या जणांनी विचारला आहे, की प्रत्येकाला फोनवर वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं असं ठरवलं. मुलगा टोरांटोहून विचारतो, मुलगी बंगळुरूहून विचारते. धाकट्या जाऊबाई तर विचारतही नाहीत, नुसतं "बघा बाई!" म्हणतात. त्यात सगळं आलं.

परिस्थिती तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही दोघंही सत्तरी ओलांडलेले. कोथरूडमधला तीन खोल्यांचा फ्लॅट आता आम्हाला मोठा पडतो. एक खोली मुलाच्या पुस्तकांची, एक मुलीच्या न नेलेल्या सामानाची, आणि आम्ही दोघं स्वयंपाकघर ते गॅलरी एवढ्यातच. ह्यांना बँकेतून निवृत्त झाल्यापासून समुद्राचं वेड लागलंय. मी घाटावरची, साताऱ्याची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, त्यामुळे लाटांचा आवाज ऐकून मला झोप वगैरे लागत नाही. पण गाव शोधायचं काम माझ्याकडे आलं. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला गाव निवडायला सांगितलं, की ती जागेचे भाव बघण्याआधी गॅझेटियर उघडते. तसंच झालं.

बाकीची गावं पटकन सांगून टाकते. अलिबाग २०२० पासून रो-रो बोटीमुळे मुंबईला इतकं जवळ आलंय, की तिथली जमीन आपल्यासारख्यांनी नुसती लांबून बघावी. श्रीवर्धन सुंदर, पण तिथे गेलो तेव्हा निसर्ग वादळाच्या (३ जून २०२०) खुणा अजून वाड्यांमध्ये दिसत होत्या. नारळ-पोफळी एका दिवसात आडव्या होतात, आणि पुन्हा उभ्या राहायला माणसाची उमेदीची वर्षं जातात. त्या वादळाने दापोली-मंडणगडलाही सोडलं नव्हतं हे मला माहीत आहे, त्यामुळे ह्या बाबतीत दापोलीला जास्तीचे गुण नाहीत. मालवण, वेंगुर्ले लांब पडतात. गुहागर ह्यांना फार आवडलं. मला दापोली आवडली, आणि त्याचं कारण समुद्र नाही. समुद्र तर दापोलीत नाहीच! हर्णै-मुरूडचा किनारा गावापासून सातआठ मैलांच्या आत, दापोली स्वतः मात्र वर, आठशे फुटांच्या आसपास उंचीच्या सड्यावर.

दापोली हे मुळातच पेन्शनरांचं गाव आहे. आजची रिसॉर्टं आणि 'सेकंड होम'च्या जाहिराती येण्याच्या कितीतरी आधीपासून.

१८१८ साली पेशवाई संपली आणि कोकण इंग्रजांच्या ताब्यात गेलं. दक्षिण कोकणचा कारभार त्यांनी आधी बाणकोटहून चालवला, १८२२ मध्ये कचेरी रत्नागिरीला गेली. पण फौज ठेवायला त्यांना किनारा नको होता. दमट हवा, ताप, शिवाय खाडीकाठची दलदल. त्यांनी हर्णैच्या वरचा हा सडा निवडला. बंदर हाताशी, वारा मोकळा, पाणी बरं. आसपासच्या गावांची जमीन घेऊन छावणी वसवली, ती कॅम्प दापोली. जुनी माणसं अजूनही दापोलीला जाताना "कॅम्पात जातो" म्हणतात. इंग्रजी चर्चचे अवशेष आणि गोऱ्यांच्या कबरी तिथे आजही बघायला मिळतात.

१८४० मध्ये तिथली नेहमीची फौज हलवली गेली. राहिली ती 'व्हेटरन बटालियन', म्हणजे वय झालेल्या, लढाईला न चालणाऱ्या शिपायांची पलटण. १८५७ पर्यंत ती तिथे होती. मग तीही मोडली. ज्या गावाचा छावणी हाच धंदा, तिथून छावणी गेली की गाव ओस पडायला हवं. दापोली ओस पडली नाही, कारण शिपाई गेले तरी पेन्शनर राहिले, आणि नवे येत राहिले.

(इथे एक आडवळण घेते, क्षमा करा. हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग १७५५ साली कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून जिंकला, पेशव्यांच्या बाजूने. हा जेम्स पुढे इंग्लंडला परत गेला आणि लंडनजवळ थाटात राहिला. १७८३ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या बायकोने टेकडीवर त्याच्या आठवणीसाठी मनोरा बांधला आणि त्याला नाव दिलं 'सेवर्नद्रुग कॅसल'. सेवर्नद्रुग म्हणजे आपला सुवर्णदुर्ग! तो मनोरा अजून उभा आहे. कोकणचा किल्ला आणि पेन्शनीतली आठवण लंडनात. ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तू माझ्यासाठी काय बांधणार?" असो.)

तर हे नवे पेन्शनर कोण होते? इथपासून माझा गॅझेटियर चाळण्याचा छंद संपला आणि मी नीट वाचायला बसले.

रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबई इलाख्याच्या फौजेत जी माणसं भरती होत, त्यांत महार समाजाची मोठी संख्या होती. गावात ज्यांच्या वाट्याला वेशीबाहेरचं घर आणि गावकीची कामं, त्यांना पलटणीत गणवेश, पगार, हुद्दा मिळे. आणि आणखी एक गोष्ट मिळे, जी मला मास्तरीण म्हणून सगळ्यांत महत्त्वाची वाटते. लष्करी छावण्यांमध्ये शाळा असत. शिपाई शिकत, त्यांची मुलं शिकत, पुष्कळ घरांत बायकाही वाचायला शिकत. एकोणिसाव्या शतकात हे आपल्या समाजात किती घरांत होतं, ते आपणच आठवून बघावं. माझ्या पणजीला अक्षर येत नव्हतं, आणि आमचं घराणं स्वतःला विद्येचं म्हणवत असे.

आता असा माणूस वीस-पंचवीस वर्षं नोकरी करून हवालदार किंवा सुभेदार होऊन निवृत्त झाला, तर त्याने जायचं कुठे? स्वतःच्या गावी गेला तर तो पुन्हा गावचा महार. सुभेदारीचा पट्टा वेशीवर उतरवून ठेवायचा आणि आत जायचंच नाही. छावणीच्या जुन्या जागेत मात्र तो पेन्शनर. शेजारी पलटणीतले जोडीदार, पेन्शन हातात, लिहिता-वाचता येतं. कॅम्प दापोलीत अशी घरं पुष्कळ झाली. निवृत्तीनंतर माणूस गाव निवडतो तेव्हा तो हवापाणी निवडतो असं आपण धरून चालतो. ह्या माणसांनी ओळख निवडली.

गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतलेच. महाडजवळच्या रावढूळचे. १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. आपल्या ओळखीतले किती जण निवृत्तीनंतर दोन वर्षांच्या आत पुस्तक लिहितात? वलंगकरांनी १८८८ मध्ये 'विटाळ-विध्वंसन' लिहिलं, अस्पृश्यता कुठल्या शास्त्रात बसते हे धर्ममार्तंडांना प्रश्न घालून विचारलं. दापोलीतच त्यांनी 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' ही संस्था काढली. 'दीनबंधू' आणि 'सुधारक'मध्ये ते लिहीत. महारांची फौजभरती बंद झाली तेव्हा १८९४ मध्ये त्याविरुद्धचा सरसेनापतींना उद्देशून केलेला अर्ज त्यांनीच तयार केला. १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, १९०० मध्ये ते गेले. चौदा वर्षांची पेन्शन! आम्ही शाळेच्या पुस्तकातून फुले, आगरकर, रानडे शिकवले. वलंगकर माझ्या चौतीस वर्षांत एकदाही धड्यात आले नाहीत. आले असते तर मुलांना समजलं असतं की आंबेडकरांच्या आधीही एक पिढी कागद-पेन घेऊन बसली होती.

आणि शाळा. १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दापोलीतल्या महार पेन्शनरांनी आपल्या मुलांना गावच्या सरकारमान्य शाळेत घ्यावं म्हणून अर्ज केले. हे अर्ज अडाणी माणसांचे नव्हते. कायदा काय, सरकारचं धोरण काय, शाळा कोणाच्या पैशावर चालते, हे सगळं ठाऊक असलेल्या शिकलेल्या बापांचे होते. गावाने विरोध केला. शेवटी मुलांना जागा देण्याची वेळ आली, तेव्हा ती दिली गेली व्हरांड्यात.

मी ह्या व्हरांड्यापाशी बरेच दिवस अडकले. शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला व्हरांडा म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. व्हरांड्यातून फळा दिसत नाही, किंवा तिरका दिसतो. मास्तर फळ्याकडे तोंड करून बोलले की ऐकू येत नाही. पाढे म्हणताना आतल्या मुलांचा सूर एक आणि बाहेरच्यांचा अर्धा ताल मागे. पाटी तपासायला मास्तर उंबऱ्याबाहेर येणार की नाही, हा प्रश्न तर वेगळाच. आणि हे सगळं कोकणात, जिथे पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. जून ते सप्टेंबर त्या व्हरांड्यात बसणाऱ्या मुलाची पाटी कोरडी राहिली असेल का? पुसायला पाणी मात्र आयतं. माझ्या वर्गात छत गळायचं तेव्हा मी मुलांना बाकं सरकवायला सांगत असे. सरकायला आत जागा होती म्हणून.

ह्याच काळात रामजी सकपाळ दापोलीत आले. महूच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक, सुभेदार. मूळ गाव आंबडवे, आज मंडणगड तालुक्यात, म्हणजे शेजारीच. तरी पेन्शनीत त्यांनी आंबडव्याला नव्हे, दापोली कॅम्पात बिऱ्हाड केलं. धाकटा मुलगा भिवा तेव्हा जेमतेम चालायला-बोलायला लागलेला. ते तिथे फार राहिले नाहीत, पुढे साताऱ्याला नोकरी मिळाली आणि कुटुंब साताऱ्याला गेलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' ही नोंद झाली, क्रमांक १९१४. मी साताऱ्याची, त्या राजवाड्यासमोरून रोज शाळेत गेले आहे. आमच्या लहानपणी ह्या नोंदीचं कौतुक आम्हाला कोणी सांगितलं नाही. आता २०१७ पासून तो दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळतात.

दापोली ते सातारा ही वाट आणखी एकाने तुडवली आहे. मुरूडचा धोंडो केशव कर्वे हा सतरा वर्षांचा मुलगा १८७५ मध्ये सहावीच्या सरकारी परीक्षेला बसायला मित्रांबरोबर पायी साताऱ्याला गेला. शंभराहून जास्त मैल, घाट चढून. तिथल्या साहेबांनी त्याच्याकडे बघून ठरवलं की हा सतराचा दिसत नाही, आणि परत पाठवलं. हीच ती गोष्ट, जी मी दरवर्षी परीक्षेच्या आधी वर्गात सांगायची. अण्णा कर्वे पुढे मुंबईला, मग पुण्याला गेले, आणि मुरूडसाठी बाहेरून पैसे जमवत राहिले, पण राहायला परतले नाहीत. १९१४ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि दोनच वर्षांनी महिला विद्यापीठ काढलं. साने गुरुजी पालगडहून दापोलीच्या मिशन शाळेत शिकले, त्यांच्याआधी पां. वा. काणे दापोलीतच शिकले. दोघंही बाहेर गेले. दापोलीकर अभिमानाने सांगतात की कर्वे, काणे, आंबेडकर ही तीन भारतरत्नं ह्या मातीशी जोडलेली आहेत. खरंच आहे. फक्त तिघांचीही कामं दुसरीकडे झाली.

म्हणजे बघा, कोकणाची घडण अशी आहे: तरुण बाहेर जातात आणि म्हातारे तिथे राहतात, नाहीतर परत येतात. गिरणगावात गेले, फौजेत गेले, मास्तर-कारकून होऊन पुण्याला गेले. गणपती-शिमग्याला चाकरमानी यायचे, आगबोट हर्णैला बाहेर थांबायची आणि पडावातून उतरावं लागायचं. पाखरं उडून गेलेली घरटी हा आपल्याला आजचा, अमेरिका-कॅनडाचा प्रकार वाटतो. कोकणातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, ती म्हणेल, आमच्याकडे पाच पिढ्या हेच चाललंय. फरक एवढाच, की तिचा मुलगा परळला होता आणि मनीऑर्डर यायची, आपला मुलगा टोरांटोला आहे आणि रविवारी व्हिडिओ कॉल येतो.

मार्गशीर्षात आम्ही दोघं आठ दिवस दापोलीला राहून आलो. ह्यांनी हर्णैचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव चार वेळा पाहिला (आम्ही मासे खात नाही, तरी!). मी डॉक्टर, औषधाचं दुकान, बँक, पोस्ट, आणि रिक्षा रात्री मिळते का, ह्या गोष्टी पाहिल्या. १९७२ पासून तिथे कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे गावात शिकलेल्या माणसांची वस्ती आहे, वाचनाची सवय असलेली माणसं भेटतात. साध्या दुखण्यांना डॉक्टर आहेत. मोठं काही झालं तर मात्र डेरवण नाहीतर थेट पुणे-मुंबई. रेल्वे खेडला, घाट उतरून तासाभराच्या अंतरावर. पुण्याहून रस्त्याने पाच-सहा तास, पावसात जास्त. मुलीला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं आहे. आणि जमीन घ्यायचा विचार नाही. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि बिगरशेती प्लॉट घेऊन ह्या वयात विहीर, कुंपण, माळी हे नवे संसार मला नकोत.

शेवटच्या दोन दिवशी मी आसपासच्या वाड्यांमधल्या तीन प्राथमिक शाळांमध्ये डोकावले. सवय जात नाही. एका शाळेत सगळे वर्ग मिळून अकरा मुलं होती. दुसरीत सात. गुरुजी भले, स्वतः चहा करून दिला. इमारती चांगल्या, रंगवलेल्या भिंती, दोन-दोन वर्ग रिकामे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायच्या गोष्टी २०२३ पासून चालू आहेत, त्यामुळे गुरुजींच्या बोलण्यात पुढच्या वर्षाबद्दल एकही वाक्य नव्हतं. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या गावात आत बसायला मिळावं म्हणून सुभेदार-हवालदार अर्जामागून अर्ज करत होते, त्याच तालुक्यात आता बाकं भरायला मुलं नाहीत. मुलं आई-वडिलांबरोबर मुंबईला, पुण्याला. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत रखवालदाराचं कुटुंब आहे, ते दापोली तालुक्यातलंच. त्यांची मुलगी आमच्या जिन्यात अभ्यासाला बसते. आमच्याकडे आत बसायला सांगितलं तर लाजते.

त्या गुरुजींना मी विचारलं, पेन्शनर बाईने आठवड्यातून तीन दिवस येऊन मुलांना वाचायला-लिहायला बसवलं तर चालेल का? ते म्हणाले, "मॅडम, चालेल काय, पण पावसात येणार कशा?" खरा कोकणी प्रश्न! तर उत्तर शोधायचं म्हणून असं ठरलंय: ह्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत दापोलीत दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या. उन्हाळ्यात आंबे खाऊन कोणालाही कोकण आवडतं. वीज गेलेली, कपडे न वाळलेले, भिंतींना ओल आणि रस्ता बंद, अशा चार महिन्यांत आम्ही दोघं एकमेकांशी आणि गावाशी नीट बोललो तर फ्लॅटचं बघू. कोथरूडची किल्ली तोवर शेजारी राहील.

ह्यांची एकच अट आहे, आठवड्यातून दोनदा समुद्र. पावसाळ्यात तो खवळलेला असतो, लांबूनच बघायचा, हे मान्य करून घेतलं आहे. माझी यादी चालू आहे: दोन मोठ्या छत्र्या, रेनकोट, गमबूट (हे ऐकून नात फोनवर खूप हसली), टॉर्च, ब्लड प्रेशरच्या चार महिन्यांच्या गोळ्या, अंकलिपीच्या वीस प्रती. वलंगकरांवरचं काही वाचायला कोणाकडे असेल तर मे महिन्याच्या आत कळवा, नंतर पार्सल कुठे अडकेल सांगता येत नाही. आणि भेटायला यायचं असेल तर गणपतीत या. तेव्हा गाव भरलेलं असतं म्हणतात.